एका ‘च’चा खर्च

“एनआयटी मिळतंय हो, पण गावातलंच आहे.”

गेल्या रविवारी रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या एका घरी हे वाक्य ऐकलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. बोलणारे भाऊ उधळे नाहीत. पंडरीला कापड घ्यायला गेले तरी चार दुकानं फिरून भाव करतात. मुलाची बारावी झाली, जेईई झाली, आता दोन जागा समोर आहेत. एक रायपूरच्या एनआयटीत, मेटलर्जीची. दुसरी पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात, कॉम्प्युटरची. एनआयटीची शिकवणी फी सहामाहीला ६२,५०० रुपये, म्हणजे चार वर्षांची पाच लाख, आणि मुलगा जेवायला घरी. पुण्याचा हिशेब वसतिगृह, मेस आणि जाणं-येणं धरून बावीस लाखांवर गेला होता. तरी घराचं मत पुण्याकडे झुकलेलं.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. ते ‘गावातलंच’मधल्या ‘च’मध्ये होतं.

‘रायपूरची एनआयटी’ म्हणा, मान वर होते. ‘रायपूरचीच एनआयटी’ म्हणा. संस्था तीच, प्राध्यापक तेच, पदवीचा कागद तोच, पण बोलणाऱ्याचा आवाज पडतो. या घरात त्या एका अक्षराची किंमत सतरा लाख रुपये निघाली. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला कुणी तरी विचारणार, “काय भाऊ, कुठे टाकलं मुलाला?” त्या प्रश्नाला ताठ मानेने उत्तर देता यावं म्हणून सतरा लाख. मी हे भाऊंना तोंडावर म्हटलं. त्यांना राग आला, आणि तो खरा होता, म्हणून पुढे बोलता आलं.

ज्या गावाला आपण नाक मुरडतो, त्या गावात शिकायची सोय व्हावी म्हणून किती पिढ्या वाट पाहत होत्या, हे तात्यापाऱ्याने तरी विसरू नये. माधवराव सप्रे या शहराचे. ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे, टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे. रायपूरची शाळा संपल्यावर त्यांना जबलपूर, ग्वाल्हेर असं फिरावं लागलं आणि पदवी घ्यावी लागली ती कलकत्ता विद्यापीठाची. रायपुरात छत्तीसगढ कॉलेज निघालं ते १९३८ साली. तोवर ज्याच्या बापाच्या गाठीला पैसा तो नागपूरला किंवा जबलपूरला जाई, बाकीचे मॅट्रिकवर कारकुनीला लागत. आपल्या आजोबांच्या पिढीतली किती हुशार माणसं तशी कारकुनीत संपली, हे घरोघरी ठाऊक आहे. त्यांच्यातल्या एखाद्याला कुणी सांगितलं असतं, की पुढे तुझ्या पणतूला सायकलवर जाण्याइतक्या अंतरावर देशातली नावाजलेली इंजिनिअरिंगची जागा मिळेल आणि तो ती सोडेल, तर त्याचा विश्वास बसला नसता.

आणि मेटलर्जी! “मेटलर्जीच मिळाली,” वहिनी म्हणाल्या. इथेही ‘च’.

या संस्थेचा जन्मच त्या विषयासाठी झाला. १९५६ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली तेव्हा तिचं नाव होतं गव्हर्न्मेंट कॉलेज ऑफ मायनिंग अँड मेटलर्जी. १९६३ मध्ये नेहरूंनी उद्घाटन केलं, एनआयटी हे नाव आलं २००५ मध्ये. खाण आणि धातू, हे दोनच विषय का? कारण शेजारी भिलाईचा कारखाना उभा राहत होता आणि १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी पेटली. दल्ली-राजहराचं लोहखनिज, कोरब्याचा कोळसा, खाली बस्तरात बैलाडिला. या भागाची जमीनच ज्या विषयाची, तो विषय शिकवायला हे कॉलेज काढलं होतं. भिलाईची चिमणी आजही धूर सोडते आहे, आणि पोलाद कसं घडतं हे जाणणारा माणूस तिला आजही लागतो. उरला-सिलतराच्या औद्योगिक पट्ट्यातून रात्री गाडीने या, भट्ट्यांचा उजेड आभाळात दिसतो. त्या उजेडाच्या गावात राहून ‘मेटलर्जीला काय स्कोप आहे’ असं विचारणं मला पटत नाही.

मुलाला मनापासून कॉम्प्युटर हवं असेल, रात्र रात्र जागून तो प्रोग्रॅम लिहीत असेल, तर गोष्ट निराळी. मग आवडीसाठी जास्त पैसा मोजण्यात चूक नाही. म्हणून मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, “काकू, सगळे सीएसच घेतात.” पोराने खरं सांगितलं. त्याला काय हवं हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

नावाच्या मोहात पडलं की काय होतं, हे रायपूरने एकदा फार जवळून पाहिलंय. छत्तीसगढ राज्य नवं होतं. २००२ साली खासगी विद्यापीठांचा कायदा झाला. राजपत्रात अधिसूचना निघाली की विद्यापीठ स्थापन! वर्षभरात शंभराहून अधिक झाली. कित्येकांकडे इमारत नव्हती, ग्रंथालय नव्हतं, शिक्षक नव्हते. पत्ता म्हणजे कुठल्या तरी इमारतीतल्या एक-दोन खोल्या. पण पाटीवर ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द होता आणि त्या एका शब्दावर लोक पैसे मोजत होते. प्राध्यापक यशपाल, विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष, मोठे शास्त्रज्ञ, हे पाहून थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने त्या कायद्याची ती कलमंच रद्द केली आणि त्याखाली जन्मलेली सगळी विद्यापीठं एका दिवसात विद्यापीठं राहिली नाहीत. आत शिकणाऱ्या मुलांचं नुकसान होऊ नये म्हणून त्या संस्था राज्याच्या जुन्या विद्यापीठांना जोडून घेण्याची वाट न्यायालयाने मोकळी ठेवली. म्हणजे ज्या सरकारी विद्यापीठाला नको म्हणून ही मुलं तिकडे गेली होती, त्याच्याच पदरात यायची वेळ आली.

आजची खासगी विद्यापीठं तशी नाहीत. त्यांचे कायदे वेगळे, वर नियामक आयोग आहे, आणि काही ठिकाणी खरोखर जीव ओतून शिकवणारी माणसं आहेत. माझं भांडण खासगी या शब्दाशी नाही. माझं भांडण आहे ते ‘एवढी फी घेतात म्हणजे काही तरी असेलच’ या विचाराशी. कापडाला तो लागू पडत असेल, कॉलेजला नाही. आपल्या देशात उलटं चालतं. टाटीबंधला एम्स आहे, २०१२ पासून. तिथल्या एमबीबीएसची फी हजारांत मोजतात आणि तिथे जागा मिळवण्यासाठी देशभरातली मुलं वर्ष-वर्ष घासतात. खासगी मेडिकलची फी लाखांत, कुठे कुठे एकूण कोटीत जाते. काय अवघड आणि काय महाग, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण दोन्हींना एकाच मापाने मोजतो आणि फसतो.

अमेरिकेत याचा अभ्यास झालाय. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली एक निबंध छापला. १९७६ साली कॉलेजात गेलेली मुलं त्यांनी घेतली. ज्यांना नामांकित कॉलेजांत प्रवेश मिळत होता पण जी कमी नावाच्या कॉलेजात गेली, त्यांची कमाई नामांकित कॉलेजात गेलेल्यांच्या कमाईशी ताडून पाहिली. सरासरीत फारसा फरक नव्हता. हुशारी आणि जिद्द मुलाची होती, कॉलेजची नव्हती. अपवाद एक: गरीब घरच्या मुलांना नावाचा फायदा खराच झाला. मला हा अपवादच जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या घरात कुणी ओळखीचं नाही, फोन फिरवणारा मामा नाही, त्याला संस्थेचं नाव दार उघडून देतं. अमेरिका वेगळी, रायपूर वेगळं, पण एवढं इथेही दिसतं: जो बावीस लाख मोजू शकतो, त्याच्या मुलाला विकतच्या नावाची गरज सगळ्यांत कमी असते. आणि ज्याला ती खरी गरज, त्याच्यासाठी एनआयटीत सोय आहे. घरचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर शिकवणी फी पूर्ण माफ. एक ते पाच लाखांत असेल तर दोन तृतीयांश माफ, म्हणजे वर्षाच्या सव्वा लाखातले सुमारे ४२ हजारच भरायचे उरतात. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग मुलांना पूर्ण माफ. तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला वेळेत काढला नाही म्हणून हे हातचं घालवणारी घरं मी पाहिली आहेत. त्यांच्याबद्दल फार वाईट वाटतं.

त्या रविवारी टेबलावर पुण्याच्या विद्यापीठाचं चकचकीत माहितीपुस्तक होतं. पहिल्याच पानावर ‘सर्वोच्च पॅकेज’ आणि पुढे मोठा आकडा. तो आकडा एका मुलाचा. तुमच्या मुलाला तो मिळेल की नाही याबद्दल त्यातून काहीही कळत नाही. एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीत भाग घेणारी प्रत्येक संस्था आपली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवते. त्यात तीन गोष्टी बघायच्या: किती मुलं पदवी घेऊन बाहेर पडली, त्यांतल्या किती जणांना नोकरी लागली, आणि मध्यक पगार किती. मध्यक म्हणजे नोकरी लागलेल्या सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्या मुलाला मिळालेला पगार. तुमचा मुलगा कुठे तरी त्या मधल्यांत असेल असं धरून चाला. आम्ही तिथेच मोबाईलवर ते कागद उघडले. भाऊ बराच वेळ चष्मा वर-खाली करत वाचत होते. माहितीपुस्तक त्यांनी मिटलं आणि खुर्चीवर ठेवून दिलं.

मग कर्जाचा हिशेब निघाला. तो मांडला घरच्या लेकीने. ती सायन्स कॉलेजात एम.एस्सी. करते, जी. ई. रोडवर, एनआयटीपासून हाकेच्या अंतरावर. गणित तिचा विषय. विजेच्या बिलाची कोरी पाठ घेऊन तिने पेन उघडलं. वीस लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षं. “महिन्याला सत्तावीस हजार,” ती म्हणाली. “एकूण बत्तीस लाखांवर. आणि शिकताना चार वर्षं जे व्याज साचेल ते यात धरलेलं नाही.” साडेसात लाखांपर्यंत बँका साधारणपणे तारण मागत नाहीत, त्यापुढे घराचे कागद मागतात, हेही तिनेच सांगितलं. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना आणली. त्यात निवडक संस्थांसाठी (सुरुवातीला ८६०) तारणाशिवाय कर्ज आहे, आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकण्याच्या काळात तीन टक्के व्याजसवलत. तुमची संस्था त्या यादीत आहे का, हे फी भरण्याआधी बघायचं असतं. बहुतेक जण नंतर बघतात.

बाविसाव्या वर्षी पहिला पगार हातात येतो तेव्हा माणसाला थोडं फिरावंसं वाटतं, आवडीच्या कामासाठी कमी पगाराची नोकरी धरावीशी वाटते, एखादं वर्ष पुढच्या परीक्षेला द्यावंसं वाटतं. सत्तावीस हजारांचा हप्ता त्यातलं काहीच करू देत नाही. बापाला मंडळात मिळालेल्या मानाचे पैसे मुलगा तिशी ओलांडेपर्यंत फेडत राहतो. मला याची चीड येते. कर्ज काढावं, जरूर काढावं, पण ज्याच्या नावावर ते बसणार त्याला बिलाच्या पाठीवरचा आकडा आधी दाखवावा. त्या दिवशी मुलाने तो पहिल्यांदा पाहिला.

वाचकांसाठी एक जरुरीची गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण दरवर्षी कुणी तरी यात अडकतं. एनआयटीच्या निम्म्या जागा त्या त्या राज्याच्या मुलांसाठी असतात आणि तुमचं राज्य ठरतं ते बारावी कुठून पास झालात यावरून. मूळ गाव कुठलं, मातृभाषा कुठली, याला तिथे किंमत नाही. अकरावीलाच मुलाला कोट्याला किंवा नागपूरला पाठवून तिथूनच बारावी करवलीत, तर रायपूरच्या एनआयटीतल्या या अर्ध्या जागांवरचा त्याचा हक्क गेला. तिकडे महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी साधारणपणे दहावी-बारावी महाराष्ट्रातून असावी लागते, म्हणून रायपूरच्या मराठी मुलाला पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत सहसा अखिल भारतीय जागांतूनच शिरावं लागतं. आपण घरी मराठी बोलतो म्हणून महाराष्ट्राची फी आपल्याला लागू होत नाही. आणि जागा सोडायची ठरली तर घाबरू नका. मुदतीत प्रवेश रद्द केला तर फी परत करावीच लागते, आणि मुलाचे मूळ दाखले अडकवून ठेवण्याचा अधिकार कुठल्याही संस्थेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचा तसा स्पष्ट नियम आहे. कुणी दाखले देत नसेल तर लेखी मागा आणि पोच घ्या.

आता जे सांगायचंय ते.

हिशेब झाल्यावर वहिनींनी जुने फीचे कागद काढायला कपाटातला स्टीलचा डबा आणला. मुलांची सगळी कागदपत्रं त्यात: लसीकरणाची कार्डं, प्रगतिपुस्तकं, पावत्या, सगळं रबराने बांधलेलं. पावत्यांच्या खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद होता. मुलाने तो सहज उघडला. पुण्याच्या आयसरमध्ये प्रवेश देऊ केल्याचं पत्र. पाच वर्षांचा अभ्यासक्रम. नाव ताईचं.

मी या घरात वर्षानुवर्षं जाते-येते. “आमची पोरगी गावातच शिकली, कधी हट्ट केला नाही,” हे मी दहादा ऐकलंय. कौतुकाने सांगितलेलं. मीही मान डोलावली आहे. त्या ‘गावातच’मध्ये काय दडलंय हे मी कधी विचारलं नाही, ही माझी चूक. मुलाच्या ‘गावातच’मध्ये कमीपणा, मुलीच्या ‘गावातच’मध्ये सद्गुण. अक्षर तेच.

“तेव्हा पुणं लांब वाटलं हो,” वहिनी हळूच म्हणाल्या. “एकटी पोरगी, आझाद हिंदने एवढा प्रवास, वसतिगृहाचा खर्च वेगळा.” तासाभरापूर्वी मुलासाठी याच टेबलावर “पुणं काय, आपलंच आहे,” असं म्हणून झालं होतं. आयसर ही केंद्र सरकारची संस्था, मूलभूत विज्ञानासाठी देशात ज्यांची नावं घेतात त्यांतली. तिथली जागा परीक्षा देऊन, क्रमांक काढून मिळवलेली. आणि खर्च बावीस लाखांच्या जवळपासही जात नव्हता. म्हणजे या घरात एकदा खरी प्रतिष्ठा माफक पैशात दारात आली होती आणि तिला खर्चाचं कारण सांगून परत पाठवलं गेलं. आता विकतच्या नावासाठी घराचे कागद बँकेत न्यायची तयारी होती. खर्च की प्रतिष्ठा, असा प्रश्न आपण घालतो खरा, पण कितीतरी घरांत त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. मुलीच्या वेळी तराजूत खर्च टाकायचा, मुलाच्या वेळी प्रतिष्ठा. हे पाहून मला गप्प बसता येत नाही. आपल्या मंडळात, आपल्या गल्लीत, आपल्या नात्यात अशी पत्रं किती डब्यांत असतील?

भाऊ काही बोलले नाहीत. उठून पाणी प्यायले आणि पुन्हा येऊन बसले.

“ताई, तुला पुणं मिळालं होतं?” मुलाने विचारलं.

“हो.”

“मग मला कुणी सांगितलं का नाही?”

तिने पत्राची घडी पुन्हा तशीच घातली आणि बिलाची पाठ त्याच्यासमोर सरकवली. “ते झालं. तू हे बघ. एनआयटीची जागा नक्की करायची मुदत मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत आहे, आणि फॉर्म भरायचा बाबांचा पासवर्ड माझ्याकडे आहे.” मग वडिलांकडे वळून म्हणाली, “बाबा, माझं एम.एस्सी. संपलं की मला पीएच.डी.ला अर्ज करायचे आहेत. पुण्यालाही करणार आहे. तेव्हा मला कुठलेच कागद डब्यात ठेवायचे नाहीत.”

भाऊंनी चष्मा काढून पुसला. “कधी असतात ते अर्ज?” त्यांनी विचारलं, आणि वहिनींकडे कॅलेंडर मागितलं.